कपाटातला रोबो बाहेर काढायचाय, मदत करा

मधली_सुट्टी | २१ जून, रात्री १०.४८

नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी भांडुपला एका अनुदानित मराठी शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी कुठल्याशा कंपनीच्या सीएसआरमधून (समाजकार्याच्या निधीतून) आम्हाला रोबोटिक्स लॅब मिळाली. लॅब म्हणजे चित्रकलेच्या जुन्या खोलीला नवा रंग, दारावर फ्लेक्स आणि आत एक स्टीलचं कपाट. कपाटात १२ किट. फीत कापली, पेढे वाटले, फोटो प्रवेशाच्या पत्रकावर छापला आणि कपाटाला कुलूप लागलं ते लागलंच. किटची नोंद डेड स्टॉक रजिस्टरला (शाळेच्या कायम वस्तूंच्या नोंदवहीत) आहे. उद्या एक मोटर जळाली तर ऑडिटला काय सांगायचं, म्हणून किल्ली मोठ्या बाईंच्या ड्रॉवरमध्ये.

यंदा पट आणखी घसरला. पालकसभेत एका बाबांनी विचारलं, ‘ती रोबोची लॅब चालू आहे ना?’ दुसऱ्या दिवशी मी ‘रोबोटिक्स समन्वयक’ झाले. माझी पात्रता एवढीच, की स्टाफरूममधल्या प्रोजेक्टरची वायर हलवून एकदा मी तो चालू केला होता.

प्रशिक्षण झालंय हो माझं, दोन दिवसांचं. ६० शिक्षक, एक हॉल. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत स्वागत-सत्कार, मग एकविसाव्या शतकातली कौशल्यं या विषयावर पीपीटी. दुसऱ्या दिवशी एका तरण्या मुलाने स्टेजवर रोबो जोडला, तो चालला, आम्ही टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी मोबाइलवर व्हिडिओ घेतला. जेवण चांगलं होतं. रोबोला हात मात्र ६० जणांत एकानेही लावला नाही. प्रमाणपत्र फाइलला लावलंय.

आता वर्गात ५३ पोरं, तास ३५ मिनिटांचा, किट १२, आणि ब्रेडबोर्ड (वायरी टोचून जोडायची भोकांची पट्टी) म्हणजे काय हे मला स्वतःला परवा यूट्यूबवर कळलं. सुरुवात कुठून करू? आणि खरं सांगा, याने मुलं काही शिकतात, की नुसता देखावा?

कुर्ला_कारशेड | २१ जून, रात्री ११.०२

जेवणात काय होतं?

मधली_सुट्टी | २१ जून, रात्री ११.०५

पुरी, बटाट्याची भाजी, श्रीखंड. म्हणून तर दुपारच्या सत्रातलं कोणालाच काही आठवत नाही.

सोल्डरगन | २१ जून, रात्री ११.३०

ताई, आधी किल्ली मागून घ्या आणि एक किट घरी आणा. रीतसर पावती करून आणा, पण आणा. शाळेत मुलांसमोर पहिल्यांदा उघडू नका. स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक रविवार त्याच्याशी खेळा. बिघडलं तर बिघडू दे, त्यातलं एकेक लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, सुटं मिळतं. आत काय काय आहे त्याची यादी इथे टाका.

घाबरू नका हे सांगायला एक गोष्ट. आर्डुइनो नावाचा जो निळा बोर्ड तुमच्या किटमध्ये असणार, तो २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावात डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी बनला. ज्यांना इलेक्ट्रॉनिक्स येत नाही त्यांच्यासाठीच.

मधली_सुट्टी | २२ जून, सकाळी ७.१५

यादी: निळा बोर्ड, लाल रंगाचा मोटर ड्रायव्हर (मोटरी चालवणारा छोटा बोर्ड), दोन पिवळ्या मोटरी, चाकं, पुढे एक गोळीसारखं चाक, दोन आयआर (इन्फ्रारेड) सेन्सर, दोन डोळ्यांचा एक अल्ट्रासॉनिक (आवाजाने अंतर मोजणारा) सेन्सर, ब्रेडबोर्ड, रंगीत वायरींचा गुंता, ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. माहितीपुस्तिका इंग्रजीत. तिच्यात पान ७ नंतर पान १२ आहे.

तिसरी_घंटा | २२ जून, सकाळी ९.४०

मी गिरगावातून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. नाउमेद करायचं नाही, पण हे चित्र मी आधी पाहिलंय. १९८४ साली केंद्र सरकारचा ‘क्लास’ प्रकल्प आला, शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. मी तेव्हा नवखा शिक्षक. जिथे होतो तिथे संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे. मशीनवर प्लास्टिकचं कव्हर, कव्हरवर धूळ. मुलं दारातून बघायची, देवळात बघतात तशी. पुढे टीव्ही आला, व्हीसीआर आला, टॅब आले. प्रत्येक वेळी वस्तू आधी आली, शिक्षकाचा विचार नंतर झाला, कधी कधी झालाच नाही.

याच मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडकांनी काय केलं ते आठवा. माँटेसरीचं महागडं साहित्य परवडेना, तेव्हा बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी शंख, शिंपले, बिया, खडे घेतले. पद्धत तीच, साहित्य अंगणातलं. पण ते साहित्य कशासाठी वापरायचं हे त्यांना ठाऊक होतं. तुमच्या कपाटातल्या वस्तूने नेमकं काय शिकवायचं आहे, ते आधी ठरवा.

दोन_मुलांची_आई | २२ जून, दुपारी १.२०

कांदिवलीहून. माझी मुलं इंग्रजी माध्यमात. तिथे रोबोटिक्सचे वेगळे पैसे घेतात, बाहेरून सर येतात, मुलं पुस्तिकेतलं चित्र बघून तसंच्या तसं जोडतात, पुढच्या आठवड्यात सुटं करून डब्यात भरतात. त्या तासाला वर्गशिक्षिका मागच्या बाकावर वह्या तपासते. मुलाला विचारलं, ‘रोबो वळतो कसा रे?’ म्हणाला, ‘सर बटण दाबतात.’ तेव्हा ताई, तुमच्याकडे सर नाहीत हे एका परीने बरंच आहे!

भूमितीवाले_सर | २२ जून, रात्री ८.१०

आईंच्या प्रतिसादाला अनुमोदन. ताई, मी मुलुंडला गणित शिकवतो. माझं म्हणणं, पहिले दोन आठवडे किटला हातच लावू नका. मुलालाच रोबो करा.

१९६७ साली सीमोर पॅपर्ट या गणितज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोगो नावाची संगणकभाषा केली. पुढे तिच्यात एक कासव आलं. ‘पुढे १००, उजवीकडे ९०’ सांगितलं की कासव तसं चालतं आणि मागे रेघ उमटते. पॅपर्टचं सांगणं असं, की अडलात तर स्वतः कासव व्हा, चालून बघा.

मी वर्गात बाकं मागे सरकवतो. एक मूल कासव. त्याच्या हातात खडू नाही, कमरेला सुतळीचं रीळ, मागे सुतळी सुटत जाते. बाकीच्यांनी फक्त दोनच आज्ञा द्यायच्या, किती पावलं आणि किती अंश. चौकोन पाच मिनिटांत होतो. मग म्हणायचं, समभुज त्रिकोण काढा. सगळा वर्ग एकमुखाने ओरडतो, ‘६० अंश!’ कारण समभुज त्रिकोणाचा कोन ६० हे तोंडपाठ. कासव चालतं, ६० वळतं, चालतं, वळतं, चालतं आणि तीन बाजूंनंतर त्रिकोण मिटतच नाही. अर्धा षटकोन होऊन बसतो. त्या क्षणी वर्गात जी शांतता पसरते ना, तिच्यासाठी मी नोकरी करतो.

मग एखादी मुलगी स्वतः उठून चालून बघते आणि म्हणते, ‘सर, मी ६० नाही वळत, मी १२० वळतेय.’ झालं. बाह्यकोन पायाने कळला. तीन वळणं मिळून ३६०, एक पूर्ण गिरकी. पंचकोनाला किती, हे मग सांगावं लागत नाही.

कबुली: हा खेळ पहिल्यांदा घेतला तेव्हा मीही ६०च म्हणालो होतो.

कुर्ला_कारशेड | २२ जून, रात्री ८.२५

दंडवत सर. मला शाळेत असं शिकवलं असतं तर मी आज... असो, कुर्ल्यालाच असतो.

आकडेमोड | २३ जून, रात्री १२.४०

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलं नाही, म्हणून लिहितो. संगणकावरच्या खेळांनी मुलं शिकतात का, यावर आपल्याकडेच पक्कं काम झालंय. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या शिक्षणसंस्थेबरोबर अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आदींनी मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांत प्रयोग केले, त्यांचा निबंध २००७ साली आला. वडोदऱ्यात चौथीच्या मुलांना आठवड्याला २ तास गणिताचे खेळ दिले, एका संगणकावर दोघं दोघं. गणिताचे गुण पहिल्या वर्षी ०.३५ आणि दुसऱ्या वर्षी ०.४७ प्रमाण विचलनांनी (गुण सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) वाढले. शिक्षणातल्या प्रयोगांत ही वाढ मोठी धरतात. भाषेत काही फरक नाही. आणि कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात गणितातला फायदाही बराचसा विरला.

याहून बोलकी गोष्ट पुढची. ज्ञानशाळा ही संस्था गुजरातेत वर्ग चालवते. त्याच निबंधाचे एक लेखक ले लिंडन यांनी तिथे असाच कार्यक्रम तपासला. शाळेच्या वेळेबाहेर जादा म्हणून दिला तेव्हा मुलांना फायदा. शिक्षकाच्या तासाऐवजी दिला तेव्हा मुलं उलट मागे पडली. कार्यक्रम तोच, संगणक तेच. पेरूमध्ये तर सरकारने मुलांना लॅपटॉप वाटले, २०१२ साली मूल्यमापन आलं, गणित आणि भाषेत काहीही फरक नाही.

तेव्हा ‘रोबोने मुलं शिकतात का’ हा प्रश्नच अर्धा आहे. रोबो कोणाच्या जागी येतोय, हे आधी विचारायला हवं.

तिसरी_घंटा | २३ जून, सकाळी ६.५०

आकडेमोड, मी चाळीस वर्षं जे बोललो ते तुम्ही आकड्यांत मांडलंत. सकाळ चांगली झाली.

सोल्डरगन | २३ जून, सकाळी १०.१५

घंटाकाका, थोडा विरोध. संगणकावरचा खेळ वेगळा आणि हातातली मोटर वेगळी. स्क्रीनवर चूक झाली की ‘पुन्हा प्रयत्न करा’ येतं. इथे मोटर उलटी फिरते. का फिरली, हे वायर बघून स्वतः शोधावं लागतं. ते शोधणं हाच धडा. अर्थात काकांचं म्हणणं खरंच, त्यासाठी शिक्षकाच्या हातून मोटर आधी चार वेळा उलटी फिरलेली असावी लागते.

ताई, एक काम करा. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी मोटरींना अजिबात लावू नका. मोटर सुरू होताना एकदम जास्त करंट ओढते. त्या बॅटरीच्या आतला रोध इतका, की तिला तो देता येत नाही. व्होल्टेज कोसळतं, बोर्ड बंद पडून पुन्हा चालू होतो. रिचार्ज होणारे सहा पेन्सिल सेल घ्या, प्रत्येकी १.२, म्हणजे ७.२ व्होल्ट. होल्डरसकट घ्या. लिथियम सेल मुलांच्या हाती नको, शॉर्ट झाला तर आग.

बीएडची_वही | २३ जून, रात्री ९.००

मी यंदा बीएड करतेय. आम्हाला सूक्ष्म अध्यापन असतं. ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण (फीडबॅक), १२ मिनिटं पुन्हा नियोजन, ६ मिनिटं पुन्हा पाठ, ६ मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. एकूण ३६. कॉलेजात आम्ही ते उरकून टाकतो, मैत्रिणी एकमेकींना ‘छान झाला’ लिहून देतात, टाचणवही भरते. पण वाचताना वाटलं, रोबोसाठी शिक्षकांनीच एकमेकांसमोर हे केलं तर? एक किट, पाच शिक्षक. एकाने सहा मिनिटांत फक्त एक सेन्सर समजवायचा, बाकीच्यांनी आठवीतली पोरं व्हायचं. वात्रट पोरंसुद्धा.

मधली_सुट्टी | २३ जून, रात्री ९.२०

वात्रट पोरांची भूमिका करायला आमचे पीटीचे सर आनंदाने तयार होतील. वही, तुझी कल्पना चोरतेय.

आकडेमोड | २३ जून, रात्री १०.०५

चोराच! २०२०च्या शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं आहे. सध्या हे तास पुष्कळदा ऑनलाइन कोर्सचा व्हिडिओ लावून भाजी चिरण्यात भरतात. त्यातले १० तास असे गेले तरी कपाट उघडेल.

जाता जाता: तुम्ही भांडुपला, पवई हाकेच्या अंतरावर. आयआयटी मुंबईचा ई-यंत्र हा रोबोटिक्सचा प्रकल्प मुख्यतः अभियांत्रिकी कॉलेजांसाठी आहे. पण त्यांची शिक्षक तयार करण्याची रीत बघण्यासारखी आहे. प्राध्यापकांच्या गटाच्या हाती रोबो देतात आणि कामं सोडवायला लावतात. तिथलेच स्पोकन ट्युटोरियल (संगणक शिकवणारे व्हिडिओ) दहा-दहा मिनिटांचे असतात, मराठीतही पुष्कळ आहेत. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, अर्ध्यावर आपण करून बघायचं. आणि मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र तर १९७४पासून शिक्षकांबरोबर याच कामात आहे, तिथे चौकशी करा.

मधली_सुट्टी | १३ जुलै, रात्री ११.१०

तीन आठवडे गायब होते. घटक चाचणीचे पेपर, त्यात बीएलओचं (मतदारयादीचं) काम. पण लिहिण्यासारखं बरंच साचलंय.

किल्ली मिळाली. मोठ्या बाईंना सांगितलं, ‘मोटर जळाली तर मी भरीन.’ एक मोटर लॅमिंग्टन रोडला शंभराच्या आत मिळते म्हटल्यावर त्या जरा हसल्याच. वर्षभर या शंभर रुपयांना घाबरून कुलूप होतं. (लॅमिंग्टनला गेले तेव्हा पिवळी मोटर म्हटलं तर कोणाला कळेना. ‘बीओ मोटर बोलो ना मॅडम.’)

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही पाच जण बसतो. मी, मुलुंडवाल्या सरांसारखेच वेडे आमचे गणिताचे सर, मराठीच्या बाई, पीटीचे सर आणि लॅब असिस्टंट मामा. ३६ मिनिटांचं घड्याळ लावतो. पहिल्या शनिवारी माझी सहा मिनिटं पाण्यात गेली. मी ‘इन्फ्रारेड तरंगलांबी’पासून सुरू केलं, पीटीच्या सरांनी बाकावर डोकं ठेवून घोरायचं नाटक केलं. पुन्हा पाठ घेतला तेव्हा मोबाइलचा सेल्फी कॅमेरा सेन्सरसमोर धरला. डोळ्याला न दिसणारा दिवा पडद्यावर जांभळट चमकला. मराठीच्या बाई ताडकन उठल्या, ‘अगं बाई, हा तर पेटलेला आहे!’ तोच पाठ मग जसाच्या तसा वर्गात घेतला. ५३ पोरांनी तोच आवाज काढला.

आता रोबो. काळ्या रेघेवरून चालणारा करायचा होता. दोन सेन्सर रेघेच्या दोन बाजूंना. पांढऱ्यावरून इन्फ्रारेड परत येतो, काळ्यावर शोषला जातो. डावा सेन्सर काळ्यावर आला की डावीकडे वळ, उजवा आला की उजवीकडे. कागदावर सोपं. आम्ही वर्गाच्या फरशीवर काळी इन्सुलेशन टेप लावली. रोबो सोडला. तो गोल गोल फिरत बसला.

अर्धा तास प्रोग्राम तपासला. शेवटी एका मुलीने विचारलं, ‘बाई, आपली लादी शहाबादी आहे ना? ती पण काळीच की.’ मी त्या लादीवर चौदा वर्षं चालतेय.

पांढरं काही हवं होतं, मोठं. मामांनी शाळेच्या मागून कुठल्याशा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आणला, उलटा करून पसरला. मागची बाजू पांढरीशुभ्र. भाऊ पालथे पडले आणि रोबो चालला. खिडकीपर्यंत. खिडकीशी आला की रेघ सोडून पळायचा. तिथे मात्र सोल्डरगनदादा, तुम्हाला फोन करावासा वाटला, पण पोरांनीच शोधलं. ढग आले की नीट चालायचा, ऊन आलं की चुकायचा.

सोल्डरगन | १४ जुलै, सकाळी ८.३०

शाब्बास! उन्हात इन्फ्रारेड असतोच, सेन्सर आंधळा होतो. सेन्सरवर छोटा निळा स्क्रू आहे, तो स्क्रू-ड्रायव्हरने फिरवून संवेदनक्षमता कमी-जास्त करा. नाहीतर जुन्या स्केचपेनच्या टोपणाची बाही करून सेन्सरला घाला. बोर्डाचं बंद-चालू होणं थांबलं का?

मधली_सुट्टी | १४ जुलै, दुपारी ३.००

थांबलं. मुद्दाम आधी चौकोनी बॅटरी लावून दाखवली. ‘बाई, तो उचकी देतोय’ हे शब्द मुलांचेच. मग सेल लावले. विद्युतधारेचा धडा त्या दिवशी फळ्यावर काढावा लागला नाही.

एक खुपलं ते सांगते. पहिल्या दोन तासांत प्रत्येक गटात किट मुलांच्या हातात आणि मुली ‘निरीक्षण’ लिहिताना. कोणी सांगितलं नव्हतं, आपोआप. मीही दुसऱ्या तासापर्यंत पाहिलं नाही, हे जास्त खुपलं. आता चिठ्ठ्या टाकते. जोडणारा, वाचणारा, तपासणारा, लिहिणारा, दर दहा मिनिटांनी फिरतं. शहाबादी लादी शोधणारी मुलगी पहिल्या तासाला वही घेऊन बसली होती.

दोन_मुलांची_आई | १४ जुलै, संध्याकाळी ६.१५

हे वाचून थांबले. घरी लेकीला विचारलं, तुझ्या गटात वायर कोण लावतं? उत्तर माहीतच होतं.

भूमितीवाले_सर | १४ जुलै, रात्री ९.३०

अल्ट्रासॉनिक सेन्सर नववीला घ्या. पुस्तकात प्रतिध्वनी आहेच. आपल्या कानाला प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला भिंत किमान १७.२ मीटर दूर लागते, या सेन्सरला २ सेंटिमीटर पुरतात. का, ते विचारा. ध्वनी जाऊन येतो म्हणून वेळेला दोनाने भागायचं, हे परीक्षेत निम्मी मुलं विसरतात. इथे विसरली तर भिंत दुप्पट लांब दाखवते, मग रोबो थेट जाऊन आपटतो. तुमचं लाल पेन नको.

आकडेमोड | १४ जुलै, रात्री १०.४५

खर्चाबद्दल एक. नीती आयोगाची अटल टिंकरिंग लॅब योजना २०१६ची, सहावी ते बारावीसाठी. तिचं अनुदान २० लाख, त्यातले १० लाख उभारणीला आणि १० लाख पुढच्या पाच वर्षांच्या खर्चाला. सेल, वायरी, जळालेल्या मोटरी यांना पैसा लागतो हे तिथे कागदावर तरी मान्य आहे. कपाट भेट देणाऱ्यांना ताई तेवढं सांगा.

मधली_सुट्टी | १७ ऑगस्ट, रात्री ९.५०

शेवटचा वृत्तांत, आणि एक छोटा प्रश्न.

मोठ्या बाईंनी जाहीर केलं, १५ ऑगस्टला प्रमुख पाहुण्यांना गुलाब रोबोच देणार. मी म्हटलं, ‘मैदानावर ऊन असेल, सेन्सर चालणार नाहीत.’ हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज गेलं की मीच चमकले. त्यांनीही मान्य केलं, व्हरांड्यात ठरलं. तसंही त्या दिवशी मैदानात तळं साचलं होतं.

फ्लेक्स अंथरला, भाऊ पुन्हा पालथे. रोबोच्या डोक्यावर गुलाब. समोर अडथळा आला तर २० सेंटिमीटरवर थांबायचं, एवढं मुलांनी त्यात घातलं होतं. बँड थांबला, रोबो निघाला, वळण नीट घेतलं आणि पाहुण्यांच्या अलीकडे मध्येच उभा राहिला. हलेचना. मोठ्या बाई माझ्याकडे, मी रोबोकडे. फोटोग्राफर आणखी पुढे वाकला. पाहुण्यांनी स्वतःच हात पुढे केला गुलाब घ्यायला.

तेवढ्यात मागून माझ्या लिहिणाऱ्या मुलीचा आवाज, माइक नसताना सगळ्यांना ऐकू गेला. ‘बाई, तो बरोबर करतोय! काका मध्ये उभे आहेत!’

फोटोग्राफर बाजूला झाला. रोबो चालू लागला.

पाहुण्यांनी नंतर तिला विचारलं, तो थांबला कसा? तिने सेन्सर, आवाज, जाऊन-येऊन, दोनाने भागायचं, सगळं सांगितलं. चार मिनिटं. रांगेत बाकीची मुलं पायावर पाय देत उभी. पीटीचे सर हळूच म्हणाले, ‘सहाच्या आत आटोपलं.’

प्रश्न असा. उजव्या चाकाचं रबर गुळगुळीत झालंय, फ्लेक्सवर घसरतं. १२ किटची मिळून २४ चाकं हवीत. रविवारी लॅमिंग्टनला गेले तर मिळतील?

सोल्डरगन | १७ ऑगस्ट, रात्री १०.०५

रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. शनिवारी चारच्या आत जा, म्हणजे गर्दी कमी. ‘बीओ चाक’ म्हणा, आणि २४ नको, ३० मागा. तोपर्यंत रबरावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा.

मधली_सुट्टी | १७ ऑगस्ट, रात्री १०.१२

शनिवारी चारला आमचे ३६ मिनिटवाले असतात. मामांना पाठवते, त्यांना भाव करता येतो.

कुर्ला_कारशेड | १७ ऑगस्ट, रात्री १०.२०

मामांना म्हणावं, परत येताना कुर्ल्याला उतरा. श्रीखंड माझ्याकडे.